काशीत उतरायचं कुठे? अस्सी, गोदौलिया, पंचगंगा की कँटोन्मेंट? (सोबत आई आहे)

चकलीभाजणी
नमस्कार मंडळी,
भाऊबीज आटोपली की आईला घेऊन काशीला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: आई (वय ७७, एक गुडघा बदललेला, दुसऱ्याबद्दल बोललेलं तिला आवडत नाही), नवरा, मी आणि झोपतानाही कॅमेरा गळ्यात ठेवणारा भाचा. चार-पाच दिवस काढता येतील.

जायचं पक्कं आहे, अडलंय ते उतरायचं कुठे यावर. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घरात सध्या तीन पक्ष आहेत. नवऱ्याचं म्हणणं, कँटोन्मेंटात लिफ्टवालं बरं हॉटेल घ्यावं आणि रोज गाडीने घाटावर जावं. भाच्याला खिडकीतून गंगा दिसलीच पाहिजे. आईची मागणी तिसरीच. ती वर्षानुवर्षं नाथभागवत वाचते, ते काशीत पुरं झालं, म्हणून तिला पंचगंगा घाट आणि बिंदुमाधव हवा. विश्वनाथ तर आहेच. बुकिंगच्या साइटवर जे उघडावं ते 'घाटापासून पाच मिनिटं'!

तुम्ही कोणत्या भागात राहिलात, आणि पुन्हा गेलात तर तिथेच राहाल का? हॉटेलांची नावं विपुत (माझ्या विचारपुशीत) दिलीत तरी चालेल.

खोपटकर
सरळ गोदौलिया. विश्वनाथ, दशाश्वमेध, खाणंपिणं, सगळं हाकेच्या अंतरावर. विषय संपला.

घोडबंदरी
'विषय संपला' म्हटलं की धागा शंभरी गाठतो असा अनुभव आहे. जागा पकडून बसतोय. आमच्याकडे 'काशीस जावे नित्य वदावे' मधलं वदावेच चालू आहे, त्यामुळे फुकट सल्ले द्यायला मोकळा.

जास्वंदी
खोपटकर, हाकेच्या अंतरावर खरं, पण हाक मारणाऱ्याचे गुडघे बरे असतील तर.

आम्ही सासूबाईंना घेऊन गोदौलियाच्या आत एका गल्लीत उतरलो होतो. गोदौलिया चौकाच्या पुढे चारचाकी सोडत नाहीत, गर्दीच्या दिवशी रिक्षासुद्धा अलीकडेच थांबवतात. म्हणजे बॅगा उचला आणि चाला. गल्ली एवढी अरुंद की समोरून नंदीमहाराज आले की आपण ज्याच्या दारात असू त्याच्या उंबऱ्यावर चढायचं. 'पाच मिनिटं' हे तिथल्या मालकाच्या पायांनी मोजलेलं होतं. शिवाय लिफ्ट नाही, खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि जुन्या घरातले जिने म्हणजे पायरीला पायरी नाही, गुडघ्याएवढी उंच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला येते का विचारलं तर म्हणाल्या, 'इथूनच हात जोडते.' काशीला येऊन!

फोनवर एकच प्रश्न विचारायचा: गाडी आम्हाला जिथे सोडेल तिथपासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? मीटर विचारू नका, मिनिटं विचारू नका. जो मालक मोजून सांगतो त्याच्याकडे उतरा. जो 'अरे मैडम, बस यहीं है' म्हणतो त्याला नमस्कार.

चकलीभाजणी
जास्वंदी, हे सोन्यासारखं सांगितलंत. आई अगदी तुमच्या सासूबाईंसारखीच आहे, बोलायची नाही.

अनवाणी
प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. काशीला लोक जन्मात एकदा जायचे, पायी जायचे, जाताना घरच्यांचा कायमचा निरोप घ्यायचे. आणि आपण लिफ्ट आणि कमोड मोजत बसलोय. घाटावरच्या धर्मशाळेत उतरा, पहाटे उठा, गंगेत बुडी मारा. सोयी हव्यात तर लोणावळा आहे.

तिरकस
अनवाणीजी, तुम्ही स्वतः कसे गेला होतात? पायी?

अनवाणी
विमानाने. मुद्दा तो नाही.

घोडबंदरी
:) :) :)
चहा ठेवा कोणीतरी.

निवांत_नेरूळ
कँटोन्मेंटची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. आम्ही वडिलांना घेऊन तिथे राहिलो. रुंद रस्ते, झाडं, शांतता, गाडी दारात. वडिलांना रात्री झोप नीट लागली तर दुसरा दिवस चांगला जातो, आमचा सगळा हिशोब तिथून सुरू होतो. बाबतपूर विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, तिकडून येतानाही शहराच्या पोटात शिरावं लागत नाही. सारनाथही त्या बाजूने सोयीचं. (सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, सिंहशीर्ष तिथेच आहे, वार बघून जा.)

तोटाही सांगतो. घाटावर जाणं हा रोजचा एक 'कार्यक्रम' होतो. संध्याकाळची आरती बघून निघालात की हजारो माणसं एकाच वेळी गोदौलियाकडे वळतात, त्यातून रिक्षा मिळवून परत यायचं. पहिल्या दिवशी उत्साह असतो. नंतर वडीलच म्हणाले, आज हॉटेलातच बसू.

घोडबंदरी
म्हणजे घोडबंदरला राहून कोपिनेश्वराच्या आरतीला जाण्यासारखं. पत्ता ठाण्याचा, पण तलावपाळीला जायचं म्हणजे कापूरबावडीला अडकून निम्मं पुण्य तिथेच खर्च. आता कळलं. कँटोन्मेंट बाद.

खोपटकर
घोडबंदरी, तुम्ही स्वतःला ठाणेकर म्हणवता हीच मोठी गोष्ट आहे. (दिवे घ्या)

उंबरठा
मी शिक्षणासाठी बीएचयूत (बनारस हिंदू विद्यापीठात) होते, लंकेला राहायचे. (घाबरू नका, बीएचयूच्या दारासमोरच्या भागाला लंका म्हणतात.) जरा सविस्तर लिहिते, कारण नकाशा डोक्यात बसला की निम्मा प्रश्न सुटतो.

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. सगळी वस्ती पश्चिम काठावर, घाटांची तोंडं पूर्वेला. समोरच्या काठावर वाळू आणि आभाळ, म्हणून सूर्योदय प्रत्येक घाटावरून दिसतो. भाच्याला सांगा, त्यासाठी अमुकच खिडकी लागत नाही. दक्षिणेला अस्सी, उत्तरेला राजघाट, आदिकेशव, आणि मध्ये चंद्रकोरीसारखे ओळीने चौऱ्यांशी घाट. दशाश्वमेध साधारण मध्यावर. विश्वनाथ, मणिकर्णिका त्याच्या थोडं उत्तरेला, आणि आणखी पुढे तुमच्या आईंचा पंचगंगा.

आता महत्त्वाचं. शहर वर आहे आणि नदी खाली. गल्ल्या वरच्या अंगाने जातात, घाट म्हणजे त्या उंचवट्यावरून पाण्यापर्यंतचा उतार. त्यामुळे नकाशावर नदीला चिकटलेलं हॉटेल प्रत्यक्षात तीन मजले वर असतं. काहींना वरच्या गल्लीतून दार आहे, काहींना फक्त घाटाच्या बाजूने. दुसऱ्या प्रकारात रोज चढ-उतर आलीच. जास्वंदींचा पायऱ्यांचा प्रश्न म्हणूनच अचूक आहे.

दक्षिणेकडे, म्हणजे अस्सीला, हा त्रास सर्वांत कमी. रस्ता जवळजवळ घाटापर्यंत येतो, ई-रिक्षा मिळतात, पायऱ्या रुंद आणि मोकळ्या. गाळ साठून नदी तिथे पायऱ्यांपासून बरीच सरकली आहे, त्यामुळे काठावर ऐसपैस जागा असते. पहाटे तिथे 'सुबह-ए-बनारस' होतं: आरती, मग शास्त्रीय गायन-वादन, मग योगासनं. खुर्च्या असतात! आईंना शाल गुंडाळून बसवा, भाचा फोटो काढेल, तुम्ही चहा घ्या. तुलसी घाट शेजारी, संकटमोचन आणि दुर्गाकुंड रिक्षाने जवळ. झाशीच्या राणीचं जन्मस्थान मानतात ते भदैनीही तिथेच, अस्सीपासून चालत.

उणीव एकच. विश्वनाथ तिथून अडीच-तीन किलोमीटर. मंगला आरती पहाटे तीनला असते, रांगेत त्याच्या आधी लागावं लागतं. अस्सीहून त्या वेळी रिक्षा मिळते, पण आईंना दीडला उठवाल का, ते तुम्ही ठरवा.

तेव्हा आधी ठरवा की काशीतली कोणती वेळ तुम्हाला हवी आहे. पहाटेची नदी हवी असेल तर अस्सी. पहाटेचा विश्वनाथ हवा असेल तर चौक-गोदौलिया. दोन्ही नको, दिवसा दर्शन आणि रात्री झोप हवी असेल तर कँटोन्मेंट अजिबात वाईट नाही.

जास्वंदी
उंबरठा, टाळ्या. वाचनखूण साठवली.

मोगरा_वाशी
उंबरठा यांनी मधला पट्टा सोडला. केदार घाट, चौकी घाट, बंगाली टोला. आम्ही केदार घाटाजवळ होतो. तिथे दाक्षिणात्य वस्ती जुनी आहे, सकाळी इडली आणि फिल्टर कॉफी मिळते, कचोरीने पोट बंड करून उठलं की फार उपयोगी पडते. केदारेश्वराचं मंदिर लहान, गर्दी कमी, पुजारी हाकलत नाहीत. दशाश्वमेध तिथून चालत. पण खोली घेताना हरिश्चंद्र घाट कोणत्या बाजूला आहे ते बघा. तो केदार आणि अस्सी यांच्या मध्ये येतो, तिथे चिता पेटलेल्या असतात आणि वारा फिरला की धूर खोलीत. आमच्यापैकी कोणाला त्याचं काही वाटलं नाही, पण सगळ्यांनाच चालेल असं नाही.

अनवाणी
धुराचं काय वाटायचं? त्यासाठीच तर जातात काशीला.

तिरकस
अनवाणीजी आज फॉर्मात आहेत.

कळव्याचे काका
मंडळी, उशिरा आलो. इथे पंचगंगेचं नाव एकदा आलं आणि मागे पडलं, म्हणून लिहितो.

काशीच्या घाटांवर मराठी माणसाने फिरावं आणि पाट्या वाचाव्यात. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधलं, १७८० साली. शिंदे घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, राजा घाट अमृतराव पेशव्यांचा. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये उभारला. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक करायला गागाभट्ट आले ते इथूनच. आणि पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या टापूत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली आहेत. अजूनही गल्लीत चालताना एखाद्या खिडकीतून 'अगं, नळ गेला का बघ' ऐकू येतं आणि माणूस थबकतो.

आमच्या वेळी हॉटेल हा शब्दच नव्हता. तीर्थोपाध्यायांकडे उतरायचं. त्यांच्या चोपडीत आजोबा-पणजोबांच्या सह्या निघतात. आमच्या आजोबांची मोडीतली सही मी तिथे पाहिली आहे, शाई तपकिरी झालेली, खाली गाव आणि मुक्काम. आजही काही गुरुजी मंडळी आधी कळवलं तर राहण्याची आणि साध्या वरण-भाताची व्यवस्था करतात. खोली साधी, पलंग कडक, न्हाणीघर कधी कधी बाहेर. पण आईंना बोलायला माणसं मिळतील, तेही मराठीत.

चकलीभाजणीताई, नाथांच्या ओढीने येणाऱ्या बाईंना बिंदुमाधव टाळता येणार नाही. मूळ मंदिर औरंगजेबाच्या काळात गेलं, त्या जागी मशीद आहे. आजचं देऊळ शेजारच्या गल्लीत, औंधच्या प्रतिनिधींनी बांधलेलं, बाहेरून घरासारखंच दिसतं. चुकवू नका. एक सूचना मात्र: पंचगंगेला नावेने जाऊन खालून वर चढू नका. त्या पायऱ्या फार उभ्या आहेत. मैदागिनपर्यंत रिक्षाने या, कालभैरवाचं दर्शन घ्या, तिथून गल्लीगल्लीने वरच्या अंगाने बिंदुमाधव गाठा. गंगा वरूनच बघा. उतरायचा मोह आईंना होणार, तेव्हा हात धरा आणि खाली तीर्थ आणायला भाच्याला पाठवा.

चकलीभाजणी
काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'अगं, नळ गेला का बघ' वर खूप हसली. आता तिला गुरुजींकडेच उतरायचंय! नवऱ्याने 'न्हाणीघर बाहेर' एवढंच ऐकलं.

घोडबंदरी
नवरोबांना म्हणावं, उत्तररात्री न्हाणीघराकडे जाणं हीसुद्धा यात्राच.

उंबरठा
काकांचं वरून जाण्याचं अगदी बरोबर. पंचगंगेचं आणखी एक: कार्तिकात तिथे संध्याकाळी उंच बांबूंना टोपल्या लावून आकाशदिवे सोडतात. अहिल्याबाईंनी बांधलेली दगडी दीपमाळही तिथेच आहे. आणि तिकडचा कार्तिक आपल्या कोजागिरीनंतर लगेच सुरू होतो, त्यामुळे भाऊबीजेनंतर गेलात तरी दिवे नक्की दिसतील.

दिवा_जंक्शन
तुम्ही सगळे घाट मोजताय, तारखा कोणी बघितल्या का?

भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. छठ षष्ठीला. म्हणजे भाऊबीज करून निघालात तर बरोब्बर छठच्या तोंडावर पोचाल. संध्याकाळचं अर्घ्य षष्ठीला, सकाळचं सप्तमीला, आणि त्या दोन्ही वेळी घाटावर मुंगीला जागा नसते. अस्सीलाही. शिवाय दिवाळी ते छठ मुंबईहून तिकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये काय असतं ते कल्याणच्या फलाटावर उभं राहून बघा. महानगरी, कामायनी, काशी, कोणतीही घ्या. आरक्षण असलं तरी आपल्या सीटपर्यंत पोचणं हा वेगळा प्रवास.

मग त्रिपुरी पौर्णिमेला देवदिवाळी. सगळे घाट दिव्यांनी उजळतात, दृश्य अप्रतिम, पण भाडी कैकपट, रस्ते बंद, आणि खिडकीतून गंगा दिसणारी खोली महिनोन्‌महिने आधी गेलेली. ७७ वर्षांच्या आईला घेऊन मी तरी जाणार नाही.

मधली फट पकडा: सप्तमीला संध्याकाळी पोचा, एकादशीला निघा. एकादशीपासून घाटांवर पुन्हा गर्दी वाढायला लागते. जाताना गाडी बऱ्यापैकी मोकळी मिळेल, कारण लोंढा उलट्या दिशेला असतो. येताना मात्र तोच लोंढा आपल्या सोबत मुंबईकडे. परतीचं तिकीट साठ दिवस आधी आरक्षण उघडतं त्या सकाळी काढा नाहीतर विमानाने या. आईंसाठी मी विमानच म्हणेन. गाडीने दिवस-रात्र धरून चालावं लागतं.

उतरण्याचं स्टेशनही बघून घ्या. वाराणसी जंक्शन म्हणजे कँट, गोदौलियाला बरं. बनारस म्हणजे जुनं मंडुवाडीह, अस्सी-लंकेकडे जायला ते सोयीचं. काही गाड्या शहरात न शिरता दीनदयाळ उपाध्याय म्हणजे मुघलसरायलाच सोडतात, तिथून पुढे सोळा-सतरा किलोमीटर रस्ता.

जास्वंदी
दिवा_जंक्शन, पंचांग आणि टाइमटेबल एकाच माणसात! पण मग सोन्याच्या अन्नपूर्णेचं दर्शन हुकणार. ते वर्षातून फक्त धनत्रयोदशीपासून अन्नकुटापर्यंतच असतं.

दिवा_जंक्शन
हुकणारच. दिवाळीत घरी फराळ कोण करणार? आयडीच चकलीभाजणी आहे.

चकलीभाजणी
:D तारखांचं डोक्यातच आलं नव्हतं. छठ, देवदिवाळी आणि भाचेसाहेबांची सबमिशन्स एकत्र बसवून बघते.

खोपटकर
खाण्याबद्दल कोणीच बोलत नाही. सकाळी कचोरी-सब्जी आणि वर जिलबी, टमाटर चाट, आणि थंडी पडली असेल तर मलइयो. दुधाचा फेस, केशर, वर पिस्ता, तोंडात घातला की गायब. दुपारपर्यंत संपतो. ठठेरी बाजार, चौक या बाजूला मिळतो, म्हणजे परत माझं गोदौलियाच बरोबर!

निवांत_नेरूळ
मलइयोसाठी गोदौलिया म्हणजे मामलेदार मिसळीसाठी ठाण्यात घर घेण्यासारखं.

खोपटकर
घेतलंय की.

तिरकस
अवांतर: उद्या बनारसहून कोणी विचारलं की ऐतिहासिक ठाण्यात कुठे उतरावं, तर काय सांगाल?

घोडबंदरी
इतिहास? ठाण्याला?

कळव्याचे काका
घोडबंदरी, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून कुठे आली? आणि तुरुंग ज्यात आहे तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ ला मराठ्यांनी घेतला. तुम्ही रोज त्याच्या बाजूने हॉर्न वाजवत जाता.

घोडबंदरी
मी गुडघे टेकले, काका. पाहुण्यांना नौपाड्यात उतरवा. तलावपाळी, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन, सगळं चालत. आमच्याकडे फक्त मॉल बघायला पाठवा.

मोगरा_वाशी
नव्या मुंबईत उतरा. इतिहास नाही, पण पार्किंग आहे.

उंबरठा
धाग्यावर परत येऊ का? चकलीभाजणी, मुक्काम दोन ठिकाणी विभागला तर? पहिल्या रात्री अस्सीला: नदी, सुबह-ए-बनारस, नावेतून सगळे घाट. नंतरच्या रात्री वर मैदागिनच्या बाजूला, रस्त्याला लागून असलेल्या एखाद्या लिफ्टवाल्या जागेत. तिथून कालभैरव, बिंदुमाधव आणि विश्वनाथ तिन्ही एका अंगाला. कँटोन्मेंट आणि गल्ली यांच्या मधला मार्ग. सामान हलवण्याचा एकदाच त्रास, पण रोजची तंगडतोड वाचते.

अनवाणी
मुक्काम हलवणं म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रासाचं. एका जागी राहा आणि कमी बघा. माझी आई अस्सीला रोज त्याच पायरीवर बसायची, विश्वनाथाला एकदाच गेली, आणि परत येऊन सगळ्यांना काशी पुरी झाली म्हणून सांगत होती.

जास्वंदी
अनवाणी, यावेळी तुम्हाला पूर्ण अनुमोदन. हे आधीच लिहायचंत ना, लोणावळ्याच्या ऐवजी.

निवांत_नेरूळ
+१. बॅगा भरणं-उघडणं, औषधांचे डबे, 'माझी गरम पाण्याची पिशवी कुठे गेली'. अनुभवाचे बोल.

उंबरठा
पटतंय. विद्यार्थिदशेत एक सॅक घेऊन फिरलेली मी, आईंच्या बाजूने कमी विचार केला गेला खरा. मग एकच अस्सी, आणि पंचगंगेसाठी एक अख्खी सकाळ मोकळी ठेवा.

चकलीभाजणी
काल रात्री सगळे प्रतिसाद घरी मोठ्याने वाचले. ठरलं ते असं.

अस्सी, एकाच जागी सगळे दिवस. तीन-चार ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकाला जास्वंदींचा प्रश्न विचारला. एकाने सांगितलं 'बस दो-चार सीढ़ी', एकाने विषयच बदलला. एका मालकाने 'रुकिए' म्हणून फोन धरायला सांगितला आणि खरंच बाहेर जाऊन मोजून आला: रस्त्यापासून दारापर्यंत पाच, आत लिफ्ट. तिथे पैसे भरले. गंगा खिडकीतून दिसत नाही, गच्चीतून दिसते. भाचा कुरकुरला, मग गच्चीवर टायमलॅप्स लावता येईल म्हणून राजी झाला. नवऱ्याला लिफ्ट मिळाली.

सप्तमीला पोचतोय, जाता-येता विमान. विश्वनाथाचं सुगम दर्शन (पैसे भरून, कमी रांगेचं) ट्रस्टच्या साइटवरून घेणार, मंगला आरती सोडली. पंचगंगेची सकाळ काका म्हणाले तशीच, मैदागिन, कालभैरव, बिंदुमाधव. काका, गुरुजींना आई नुसतीच भेटून येईल म्हणते, राहायचं नाही तरी. तुमच्या ओळखीचे कोणी असतील तर विपुत कळवाल का? आमच्या आजोबांचं काही चोपडीत निघतंय का तेही बघायचंय.

कळव्याचे काका
विपु केली आहे. आजोबांचं नाव, मूळ गाव आणि जमल्यास पणजोबांचं नाव लिहून न्या. चोपड्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात, आडनावावरून शोधायला गेलात तर दिवस जाईल. आणि तुम्हीही सही करून या. आता देवनागरीतच करा, मोडी कोणाला वाचता येत नाही.

मोगरा_वाशी
विश्वनाथाला जाताना फोन, स्मार्टघड्याळ, पेन, काहीच आत नेऊ देत नाहीत. भाच्याचा कॅमेरा त्या दिवशी हॉटेलातच ठेवा, लॉकरच्या रांगेत वेळ जातो.

तिरकस
भाचा त्या दिवशी हॉटेलातच राहणार असं दिसतंय.

नवी_सभासद_ऐरोली
धागा फार उपयोगी. आम्हाला सासऱ्यांना घेऊन श्रावणात जायचंय, श्रावणी सोमवार विश्वनाथाला करायचा आहे. अस्सीच घ्यावी का?

उंबरठा
श्रावणात हिशोब बदलतो. गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, नावा बंद होतात. पाणी फारच वाढलं तर दशाश्वमेधची आरती गच्चीवर करतात. अस्सीला पाणी रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. नदीसाठी अस्सी घ्यायची आणि नदीनेच दार अडवायचं, असं होईल. तुम्ही विश्वनाथासाठी जाताय, तर रस्त्यालगत उंचावर, चौक किंवा मैदागिनच्या बाजूला बघा.

दिवा_जंक्शन
आणि कॅलेंडर तिकडचं बघा. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपल्या पंचांगातले शेवटचे सोमवार धरून गेलात तर तिथे भाद्रपद सुरू झालेला असेल.

नवी_सभासद_ऐरोली
अरे देवा. म्हणजे गर्दीही कमी असेल ना मग?

दिवा_जंक्शन
बरीच. कावडियेही परत गेलेले असतात. सासऱ्यांचा सोमवार आपल्या पंचांगाने, रांग त्यांच्या पंचांगाने. यापेक्षा चांगला सौदा नाही, तिकीट काढून टाका.